बर्फाखालचं जोडपं

गोठलेल्या नदीत बीव्हरच्या काटक्या-चिखलाच्या घराच्या टोकावर बर्फ जरासा वितळून पिवळसर झाला होता. आतल्या श्वासांची ऊब. फीबीने ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं, वाईटही वाटलं.

"आहेत गं आत," ती नणंदेला म्हणाली.

"नसायला जातील कुठे? समुद्रावर हवा खायला?" डॉर्कसने पहार बर्फावर हाणली. "हात चालव, वहिनी. बोलून भोक पडत असतं तर मी एव्हाना नदीचा तळ गाठला असता."

बीव्हरची ही जोडी नदीवर आली मागच्या पानगळीत. त्याआधी दक्षिणेकडच्या परक्या लोकांनी विमानं भरभरून बीव्हरची कातडी नेली होती आणि नदी पार धुऊन पुसून टाकली होती. म्हणून फीबीचा नवरा इझाया या दोघांना पाहून खुळावलाच. या मुलखात कुठे फास लावायचा, कुठे नाही, हे तो ठरवायचा. हिवाळ्याची बेगमी म्हणून पॉप्लरच्या फांद्या ओढत नेणाऱ्या त्या जोडीकडे बघत तो काठावर बसून राही आणि आल्यागेल्याला बजावी, "यांना हात लावायचा नाही. हे बियाणं आहे."

आता तो तंबूत खोकत पडला होता. ससा नको, मासा नको. "बीव्हरचा रस्सा असता तर," असं एकदाच म्हणाला. डॉर्कसच्या नवऱ्याने बाकीची तळी पालथी घातली, हाती काही लागलं नाही.

"एकच घ्यायचा," फीबी म्हणाली.

"आणि उरलेला? एकट्याला पिल्लं होतात होय?"

"येईल कुठून तरी दुसरा वाहत."

डॉर्कसने पुन्हा पहार उचलली.

ठोकता ठोकता बर्फ पोकळ बोलला. खालून बीव्हरांची जायची यायची वाट होती. फीबीने भोकातून वाळक्या स्प्रूसचा खांब खाली सोडला. ओला असता तर त्यांनी खांबच कुरतडून नेला असता. खांबाला पॉप्लरची ताजी फांदी. महिनोन्महिने पाण्यात मुरलेली साल खाऊन विटलेल्या जिवाला तिचा मोह आवरत नाही. फांदीच्या एका बाजूला तारेचा फास. जिथे बियाणं राखायचं, तिथे इझाया एवढा एकच बांधी. फीबीला ते ठाऊक होतं. पण हा चुकला, आणि रिकाम्या हाताने तंबूत शिरावं लागलं तर? तिने दुसऱ्या बाजूलाही एक बांधला.

सकाळी खांब ओढताना जड लागला.

"बाई गं, धष्टपुष्ट आहे!" डॉर्कस हसली.

एक वर आला. खांब तरीही जडच. दुसऱ्या बाजूला दुसरा होता.

फीबी मटकन खाली बसली.

"ऊठ वहिनी," डॉर्कस म्हणाली. "तू बर्फावर बसलीस म्हणून ते काही पुन्हा पोहणार नाहीत."

मादी सोलताना पोटात पिल्लं निघाली. अंगठ्याएवढी.

इझाया वाटीभर रस्सा प्यायला. ओठांवर तूप लागावं तशी चरबी लागली.

"कुठला गं हा?"

"आमच्या ह्यांनी आणला, दादा. पार लांबच्या तळ्यावरून," डॉर्कस म्हणाली. "अशा धापा टाकत आले, की मला वाटलं, आता सोलायचं कुणाला!"

तो हसला, मग खोकला. मग त्याने बीव्हरच्या कमरेचं हाड मागून घेतलं. डोळे मिटून एका हाताने ते डोक्यामागे धरायचं, मनात प्रश्न धरायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे न्यायचं. हाडाच्या भोकात शिरलं तर होकार.

"काय विचारताय?" फीबीने विचारलं.

"नदीवरच्या आपल्या जोडीला वसंतात पिल्लं होतील का?"

बोट सरळ भोकात गेलं.

"बघितलंस?"

"हो," फीबी म्हणाली. डॉर्कस लाकडं आणायला बाहेर गेली. आत लाकडं भरपूर होती.

हाडं कुत्र्यांच्या तोंडी लागू द्यायची नसतात. जिथून आली त्या पाण्याला परत द्यायची. फीबीने सगळी गोळा केली. इझाया कमरेच्या हाडावरची मूठ सोडेना.

"हे राहू दे. बर्फ फुटला की पिल्लं बघायला जाईन, तेव्हा मीच टाकेन."

भोकावर पुन्हा बर्फाची साय धरली होती. फीबीने ती फोडली, हाडं सोडली, कापडात गुंडाळलेली पिल्लंही सोडली. मग मान वर करून बीव्हरच्या घराकडे पाहिलं. पहाटे पडलेला भुरभुरीत बर्फ टोकावर तसाच होता, न वितळलेला, पांढराशुभ्र.