बघितली

मोटारीतून उतरताच बनूने पदर खोचला आणि वाईच्या पेठेतली एकेक पोर निरखायला सुरुवात केली. पाण्याला निघालेली, भाजी निवडणारी, दारात वेणी घालणारी. यातली कोण? एवढंच तिला कळायला हवं होतं. पुढचं तिचं ठरलेलं होतं. पोरीच्या आईबापासमोर सांगायचं, मला हे मान्य न्हाई. मग नवऱ्याने टाकलं तरी बेहत्तर.

शेजारून चालणाऱ्या नवऱ्याला, कृष्णातला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पलटणीबरोबर जपानात वर्षभर राहून तो नुकताच परतला होता. तिथल्या एका जुन्या गावात देवळंच देवळं. नवराबायको जोडीने यायची, पायऱ्यांवर बसून डबा खायची, हसायची. नवस नाही, अभिषेक नाही, नुसतं हिंडायचं. बनूलाही असं न्यायचं, हे त्याने तिथेच मनाशी धरलं. जपान काही जमायचं नाही, पण वाई तर आहे! काल जेवताना तो आईला म्हणाला, "उद्या हिला घिऊन वाईला जातो. बघून येतो."

झालं! जावळीतल्या त्या गावात देवाला जायचं ते मागायला, आणि 'बघायला' जायचं ते पोरगी. तिसरा अर्थ कुणाला सुचणार? लग्नाला आठ वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता. नवरा त्यातली सहा वर्षं लढाईवर, तरी दोष बायकोचाच! वाईची एक पोरगी धोंडुबाईच्या तोंडी दोन महिने होतीच. एरवी सुनेला वेशीबाहेर न सोडणारी ही सासू, पण काल चुलीपुढे येऊन हळूच म्हणाली, "जा की. थोरलीनं बघितलेली बरी." बनूची भाकरी तव्यावर करपली.

"केवढा हाय बघ!" ढोल्या गणपतीसमोर कृष्णात म्हणाला.

"कुठंय?"

"ह्यो की, म्होरं."

बनू मागे वळून मंडपातल्या बायका बघत होती. काशीविश्वेश्वराच्या नंदीची गुळगुळीत पाठ त्याने कौतुकाने दाखवली, तेव्हा तिचा धीर सुटला.

"पुरं झालं. दाखवा की एकदाची."

"काय?"

"जिला बघाया आनलंय तिला!"

त्याला हसू आलं. मग तिचा चेहरा दिसला आणि ते हसू तिथेच विरलं. तो काही बोलणार, एवढ्यात घाटाच्या पायऱ्या चढून एक पागोटेवाला पुढे आला.

"मेढ्याकडलं पाव्हनं तुमीच न्हवं? मी नाथाजी, पोरीचा बा. तुमच्या आईनं पहिल्या मोटारीनं सांगावा धाडला. पोरगी नेसून बसलीया. चला, चा घ्या."

कृष्णातने आ वासला. तो बनूच्या कानाशी लागला. "आईची आन, मला ठावं न्हवतं! म्या तुला देवळं दावाया आनलं. पर दारापतूर जाऊ. नुसता चा पिऊन येऊ. न्हाईतर मान्साला वाईट वाटंल."

आता मात्र बनूचं डोकं फिरलं. वाईट वाटंल म्हणे! बंदूक घेऊन जपानपर्यंत गेलेला गडी, आणि चहाला नाही म्हणता येईना.

"मामा," ती नाथाजीला म्हणाली, "सवतीवर पोरगी देऊ नगासा. मी नांदतीया आन नांदनार हाय. तिचं हाल हुतील, माझंबी हुतील. चा नगं."

"पर तुमची राजीखुशी हाय म्हनून सांगितलं हुतं..."

"माझी खुशी मला कुनी इचारलीच न्हाई."

नाथाजी पागोटं सारखं करून, "येतो बाई," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

कृष्णात चाचरत म्हणाला, "मेनवलीचा घाट ऱ्हायलाय. परत फिरायचं का?"

"का म्हनून? समदं बघायचं. त्याच कामाला आलोय न्हवं?"

दिवेलागणीला दोघं घरी पोचली. धोंडुबाई ओसरीवर वाटच बघत होती.

"काय गं, बघितली?"

"आई, त्येचं आसं हाय..." कृष्णातने घसा खाकरला.

"बघितली," बनू म्हणाली. "वाईची, मेनवलीची, समदी देवळं बघितली. लय चांगली हैत."

"आन पोरगी?"

बनू ओसरीवर चढली. सासूसमोर ती कधी बसली नव्हती. आज कंदील मधे ओढून ती तिच्या पुढ्यात मांडी घालून बसली.

"पोरगी बघायची आसंल तर ही बघा, आत्याबाई. आठ वर्सं झाली, आजून नीट बघितली न्हाईसा."

कृष्णात अंगणात थोडा घुटमळला. मग तो वर आला आणि बायकोच्या शेजारी बसला.