बशीचा काठ

क्लबाकडे गोल्फची दोन मैदानं होती आणि दोघांचं नातं सवतींचं होतं. जुनं मैदान दोरखंडाच्या एका कारखानदाराने मेंढ्यांच्या कुरणात आखलं. त्या काळी गवत कापायचं काम मेंढ्याच करत आणि त्यांनी कधी पगारवाढ मागितल्याचं ऐकिवात नाही. नवं मैदान बऱ्याच वर्षांनी झालं. बुलडोझर लावून, तळी खोदून, भरपूर खर्चून. दिसायला देखणं, पण तिथे खेळून आलेला माणूसही जेवताना बोलायचा ते जुन्याबद्दलच. अजिंक्यपदाची स्पर्धा क्लबात आजवर तीनदा झाली होती आणि तिन्ही वेळा शेवटचा दिवस जुन्यावरच रंगला होता.

जुन्याबद्दल बोलायचं तर ते सोळाव्या होलबद्दल. होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा, आणि त्याच्याभोवतीचं गालिच्यासारखं बारीक कापलेलं गवत म्हणजे ग्रीन. बाकीची ग्रीन चांगली ऐसपैस, पण सोळाव्याचं एवढंसं. सगळे त्याला बशी म्हणत. संस्थापकांनी ती मुद्दाम इवलीशी ठेवली, भल्याभल्यांचा माज उतरावा म्हणून, ही गोष्ट प्रत्येक नव्या सभासदाला पहिल्या चहाबरोबर पाजली जाई. क्लबाच्या कपांवर बशी होती, टॉवेलांवर बशी होती, टोप्यांवरही बशीच.

या दोन्ही मैदानांची देखभाल जिच्याकडे होती तिला सगळे मैदानबाई म्हणत. तिच्याआधी हेच काम तिचे वडील करत. तिला ती खुर्ची वशिल्याने मिळाली असं कुणी म्हणत नसे, कारण मुलाखतीतच तिने अध्यक्षांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही गवताला पाणी पाजत नाही, बुडवता. गवताचं शिक्षण तिने रीतसर घेतलं होतं, दुसऱ्या क्लबांत हात मातीत घातले होते, आणि आपलं चुकत असेल अशी शंका तिला सहसा येत नसे. बहुतेक वेळा ती यायची गरजही नसे.

स्पर्धा चौथ्यांदा क्लबात यायची ठरली तेव्हा मैदान पाहायला एक परीक्षक आले. बशीवर ते गुडघे टेकून बसले, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"सुरेख आहे," ते म्हणाले, "पण स्पर्धा चार दिवसांची. होलची जागा रोज बदलावी लागते. इथे सपाट जागा दोनच. उरलेले दोन दिवस काय करायचं?"

"ग्रीन वाढवलं तर?" मैदानबाईने विचारलं.

"तर प्रश्नच मिटला. पण गवत तयार व्हायला वर्ष लागेल, म्हणजे आत्ताच सुरुवात हवी. महिनाअखेर कळवा. नाहीतर शेवटचा दिवस नव्या मैदानावर घेऊ."

शेवटचा दिवस नव्या मैदानावर! तिच्या अंगावर काटा आला. तिच्या कारकिर्दीतली पहिली स्पर्धा, आणि जुनं मैदान शेवटच्या दिवशी बंद दुकानासारखं पडून राहणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माती काढायची नळी घेऊन बशीवर गेली. ग्रीनच्या पोटात वाळू असते, पाणी निचरून जावं म्हणून मुद्दाम घातलेली. बशीच्या काठाबाहेर, लांब गवतात, तिने सहज म्हणून नळी खुपसली. वाळू आली. दोन पावलं पुढे खुपसली. पुन्हा वाळू. ती पुढे पुढे जात राहिली आणि वाळू येतच राहिली. पार पलीकडच्या उंचवट्यापर्यंत गेली तेव्हा कुठे काळी माती लागली. बशी मुळात बशी नव्हतीच, चांगली परात होती.

मग ती आकसली कशी? हे कळायला मैदानबाईला फार डोकं खाजवावं लागलं नाही. ग्रीन कापताना मशीनचं पातं काठाबाहेर गेलं तर बाजूच्या गवताला टक्कल पडतं आणि ते सगळ्या जगाला दिसतं. म्हणून कापणारा काठापासून बोटभर आतच राहतो. ते बोटभर गवत वाढतं आणि तोच नवा काठ होतो. पुढच्या मोसमात आणखी बोटभर. जितका माणूस काळजी घेणारा, तितकं ग्रीन लवकर आकसतं. आणि सोळाव्यावर दुसऱ्या कुणाला मशीन लावू न देणारा, काळजीसाठी पंचक्रोशीत नावाजलेला माणूस म्हणजे तिचे बाबा.

तिने अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष कपड्यांचे व्यापारी, वारा येईल तशी पाठ फिरवणारे. त्यांनी वाळू पाहिली, टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, अहो, कपांवर छापलंय ते," ते म्हणाले. "सभासद मला फाडून खातील. आणि एक सांगा, रविवारी आपण तुमच्या बाबांचा सत्कार करतोय. बशीच्या काठावर त्यांच्या नावाचा बाक ठेवतोय, 'बशीचे राखणदार' म्हणून. त्याच माणसाने बशी आकसवली असं तिथे उभं राहून कोण सांगणार? तुम्ही?"

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची, आणि मांजर म्हणजे जन्मदाता बाप! पण महिनाअखेर जवळ आली होती. तिने ठरवलं, बाबांना हे ऐकायचंच असेल तर माझ्याच तोंडून ऐकू देत.

शनिवारी दुपारी ती घरी गेली तेव्हा बाबा रविवारच्या कोटाला इस्त्री करत होते. बायको गेल्यापासून ते इस्त्री स्वतःच करत, आणि कोटाच्या बाहीवरही त्यांची रेघ ओळंब्यात असे. तिने चहा टाकला, दोन कप भरले आणि आढेवेढे न घेता सगळं सांगून टाकलं. वाळू, उंचवटा, बोटभर गवत, सगळं.

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"माझ्या हातून एकदा तरी पातं बाहेर गेलेलं पाहिलंस?"

"नाही बाबा. तेच तर सांगतेय. जात नव्हतं म्हणूनच—"

"म्हणजे नीट काम केलं हा गुन्हा?"

"गुन्हा कोण म्हणतंय?"

"उद्या माझा सत्कार आणि आज तू मला हे सांगायला आलीस! शिकवलं तुला ते याच्यासाठी?" त्यांचा आवाज चढला. "बशी मला मिळाली तशीच मी तुझ्या हातात दिली. जा आता. कोट चुरगळतोय."

कोट मुळीच चुरगळत नव्हता. ती चहा न पिता निघाली. रस्ताभर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्याचाही तिला राग येत होता. आपलं बरोबर आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती, पण बरोबर असण्याचा एवढा जाच तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

रविवारी सकाळी झाडून सगळे सभासद सोळाव्यावर जमले. काठावर नवाकोरा बाक, त्यावर निळं कापड, शेजारी अध्यक्ष, हातात भाषण. फक्त सत्कारमूर्तींचा पत्ता नव्हता. अध्यक्ष तिसऱ्यांदा घसा खाकरत होते, तेवढ्यात चढावावरून मशीनचा आवाज आला.

कडक इस्त्रीच्या कोटात बाबा ग्रीनचं मशीन ढकलत येत होते. त्यांच्या बुटांना ओली वाळू लागली होती. सभासद येण्याआधीच ते बशीवर येऊन गेले होते, आणि त्यांनी किती ठिकाणी नळी खुपसून पाहिली होती ते लांब गवतातली ताजी भोकंच सांगत होती. लेकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते थेट काठापाशी गेले, वाकले, पातं वर चढवलं आणि मशीन काठाबाहेर घातलं.

गर्दीतून "अहो! अहो!" असा ओरडा उठला. एक आजोबा तर डोळे झाकून उभे राहिले. बाबा नाकासमोर चालत राहिले आणि त्यांच्यामागे लांब गवतात एक फिकट पट्टा पडत गेला. मैदानबाईचं लक्ष मात्र पात्यावर होतं. एवढ्या रागातही त्यांनी ते उंच ठेवलं होतं, गवताला पहिल्याच फेऱ्यात इजा होऊ नये म्हणून. तिचा ऊर अभिमानाने भरून आला.

बाकापाशी येऊन मशीन थांबलं.

"हा उचला," बाबा म्हणाले.

"अहो, पण हा तुमचाच बाक!" अध्यक्ष म्हणाले. "तुमचं नाव आहे त्याच्यावर!"

"नाव राहू दे. बाक ग्रीनमध्ये ठेवलाय तुम्ही. याखाली वाळू आहे. संस्थापकांचं ग्रीन पार त्या उंचवट्यापर्यंत होतं. मी ते राखलं नाही, कुरतडलं. फार नीट कुरतडलं, एवढंच." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "चौथी स्पर्धा इथे बघायचीय ना? शेवटचा दिवस? की त्या तळ्यांवर बदकं मोजत बसायचंय?"

मग डोळे झाकलेल्या आजोबांनी ते उघडले, पट्टा पाहिला आणि म्हणाले, "तळ्यांवर? मी मेल्यावर!" कुणीतरी हसलं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी भाषण घडी करून खिशात घातलं. "मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो," ते म्हणाले आणि बाकाचं एक टोक स्वतः धरलं. परीक्षकांना त्यांनी तिथूनच फोन लावला.

मैदानबाई बाबांपाशी गेली. खूप बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बाबा, काल मी जरा—"

"काल तू खरं बोललीस. अर्धं." बाबांनी मशीनची मूठ तिच्याकडे फिरवली. "मी निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"नऊ."

"आणि या नऊ वर्षांत सोळाव्यावर मशीन कोण चालवतंय?"

सोळाव्यावर ती दुसऱ्या कुणाला मशीन लावू देत नसे. तिच्या हातूनही पातं एकदासुद्धा बाहेर गेलं नव्हतं, आणि हे ती नव्या माणसांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आपण हसे लोकाला नि शेंबूड आपल्या नाकाला! एवढ्या वाळूत नळ्या खुपसल्या, पण एकही आपल्याकडे वळवावी असं काही तिला सुचलं नव्हतं. तिचे कान लाल झाले.

"मी माझं परत दिलं," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आता राग नव्हता, आणि मिस्कीलपणा ते लपवतही नव्हते. "तुझं राहिलंय."

सगळा क्लब बघत होता. मैदानबाईने मूठ घट्ट धरली, पातं बाबांनी ठेवलं होतं तेवढंच उंच आहे याची खात्री करून घेतली, आणि मशीन लांब गवतात घातलं.