अप-अँड-कमिंग आप्पा

येडशीत गौरीशंकर आप्पांच्या वाढदिवसाला दरवर्षी फ्लेक्स लागायचा. काळा गॉगल, कानाला मोबाइल, खाली ‘अप-अँड-कमिंग नेतृत्व’. आप्पांनी ऐंशी ओलांडली, दात गेले, पण फ्लेक्सवरचं अक्षर हललं न्हाय.

यंदा फ्लेक्स लागला त्याच दुपारी यमाचा माणूस गाडीनं येडशीला उतरला. चौकातला फ्लेक्स वाचत घरी आला, ओसरीवर टेकला, गूळपाणी घेतलं आणि म्हणाला, “आप्पा, चला.” मग अडखळला. “पण त्या बोर्डावरच्या इंग्रजीचा अर्थ काय हो?”

आप्पांची नात महेश्वरी इंग्रजीची मास्तरीण. ती म्हणाली, “नव्यानं पुढं येणाऱ्याला म्हणतात. अजून काही झालेला न्हाय, पण होणार असं दिसतंय, असा गायक, खेळाडू, पुढारी. ज्याचं होऊन गेलं, त्याला लावत न्हायत.”

“मग अवघड आहे,” पाहुणा म्हणाला. “ज्याचं झालं त्यालाच न्यायचा आमचा नियम.” आणि परतीच्या गाडीत बसला.

तेव्हापासून आप्पांना काहीही होण्याची धडकी भरली. पण सोसायटीच्या चेअरमनकीच्या निवडणुकीत दरवेळी पडायची सवय, म्हणून त्यांनी अर्ज आधीच भरून ठेवलेला. नेमकी समोरच्या उमेदवाराला, मल्लिनाथला, चेष्टा सुचली. “म्हातारं किती वाट बघंल?” म्हणत त्यानं आपला अर्ज मागं घेतला, अन् आप्पा बिनविरोध चेअरमन!

तेरखेड्याचे फटाके उडाले. गुलालात माखलेले आप्पा सोसायटीच्या ऑफिसात पोचले, तर यमाचा माणूस हार घेऊन हजर.

“अहो, त्या खुर्चीत बसू नका!” आप्पांच्या बायको उमाबाई ओरडल्या.

“जन्मभर हिच्यापायीच मेलो की गं,” आप्पा म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

“झालं ना आता?” पाहुण्यानं महेश्वरीला विचारलं.

“चेअरमन झाले. पण आमदारकीला आप्पा अजून अप-अँड-कमिंगच.”

“असाही लागतो तो शब्द?”

“लागतो की. पुढची खुर्ची रिकामी दिसतीय तवर खुशाल लावायचा.”

पोरांनी लगेच घोषणा सुरू केल्या. पाहुण्यानं सुस्कारा टाकला, हार आप्पांच्याच गळ्यात घातला आणि “निवडून आल्यावर कळवा,” म्हणून निघाला.

आप्पांनी एक डोळा उघडला. उमाबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. “म्हंजे प्रचाराच्या भाकऱ्या पुन्हा मीच थापायच्या की!”