उरलेली अर्धी बाजू

कारखान्यात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. म्हणत पाठीमागेच, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. पाण्याच्या पंपांचे आराखडे काढण्यात त्यांची सारी नोकरी गेली आणि त्यांनी ओढलेली रेघ कधी केसभरही वाकडी गेली नाही. घरीसुद्धा वर्तमानपत्र टेबलाच्या कडेशी समांतर ठेवल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

निवृत्तीनंतर मात्र या गृहस्थांनी एक दिवस रंगपेटी आणली, तीही कोटाच्या आत लपवून.

"पोटाशी काय धरलंय?" बायकोने दारातच पकडलं.

"रंग."

"कोणाला?"

"मलाच."

तिला हसू फुटलं, आणि हसताहसता तिने तोंडावर हात धरला. ही सवय नवीन होती. एका सकाळी उठली तेव्हा तिच्या चेहऱ्याची डावी बाजू उतरली होती. नस दुखावली आहे, डॉक्टर म्हणाले, हळूहळू भरून येईल. थोडी भरून आली आणि तिथेच अडली. तेव्हापासून ती खोलीत कुठेही बसली तरी डावा गाल भिंतीकडे असायचा. कोणी फोटो काढायला लागलं की तिला हमखास स्वयंपाकघरातलं काम आठवायचं.

लहानपणी त्यांना चित्रांचं वेड होतं. कोळशाचा तुकडा मिळाला की फरशीवर कुत्री, मांजरं, शेजारची जाडी मावशी, काही म्हणून सुटत नसे. पुढे आराखडे शिकायला गेले. तिथले मास्तर म्हणाले, "मनाचं काही काढायचं नाही." ते त्यांनी फारच मनावर घेतलं.

आता पहिल्यांदा ओला निळा पिवळ्यात उतरला आणि मध्ये आपोआप हिरवा उगवला, तेव्हा ते कुंचला हातात धरून बघतच राहिले. चहा निवून गेला. मग कागदावर किटली काढली, चपला काढल्या, खिडकीतली कुंडी काढली. आणि मग हात धुऊन बायकोच्या मागे लागले.

"तू बस ना एकदा."

"काहीतरीच. माझं काय काढायचंय आता?"

"नुसतं बसायचं. बोललं तरी चालेल."

"बोलण्याची परवानगी? मग विचार करते."

बरेच दिवस विचार करून ती एका दुपारी खिडकीपाशी येऊन बसली. उजवा गाल उजेडाकडे, डावा सावलीत. हात मात्र तिने मांडीवर ठेवले होते, आणि ते तिथे ठेवणं तिला किती जड जातंय हे त्यांना दिसत होतं.

ते कामाला लागले. आयुष्यभर लागले तसेच. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढली आणि रेघेच्या एका बाजूला उजेडातला अर्धा चेहरा काढला: कपाळ, डोळा, गाल, ओठांचा कोपरा. मग तो पारदर्शक ट्रेसिंग पेपरवर गिरवला आणि पेपर मधल्या रेघेवर उलटवून तोच अर्धा भाग पलीकडे उतरवला. पंप असेच काढायचे असतात. दोन्ही बाजू सारख्या, मग दुसऱ्यांदा बघायचं कशाला?

"झालं," ते खुशीत म्हणाले.

तिने कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"छान आहे. कोण ही?"

"कोण म्हणजे? तू."

"मी नाही." तिने कागद अलगद टेबलावर ठेवला. "लोक बघत नाहीत ते ठीक आहे हो. तुम्हीसुद्धा?"

"अगं, तसं नाही. मी सगळंच असं काढतो. अर्धं काढायचं आणि उलटवायचं. पंपाचं..."

"मी पंप आहे?"

ती आत गेली. त्यानंतर चहा वेळेवर मिळाला, जेवण मिळालं, फक्त बोलणं मिळालं नाही. तिने एकदा तोंडावरचा हात काढला होता आणि आपण काय केलं, हे त्यांना घासागणिक टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फूटपट्टी कपाटात टाकली, दाढीचा आरसा समोर ठेवला आणि स्वतःलाच काढायला घेतलं. मधली रेघ नाही, ट्रेसिंग नाही. रेघ थरथरली, नाकाशी अडखळली, कानाकडे गेली आणि भलत्याच ठिकाणी पोचली. खोडायला रबर उचललं, पुन्हा आरशात पाहिलं, तर रेघ बरोबर होती! ते एकटेच खो खो हसायला लागले.

"काय झालं?" ती धावत आली.

"अगं, माझा एक कान खाली आहे!"

"मग?"

"कोणी सांगितलं नाही मला कधी!"

"त्यात काय सांगायचं? मी लग्न ठरलं तेव्हापासून बघतेय." तिने त्यांच्या खांद्यावरून चित्राकडे पाहिलं. "हे मात्र तुम्हीच आहात हो. बावळट, पण तुम्हीच."

ते उठले, तिची खुर्ची उचलली आणि खिडकीच्या दुसऱ्या अंगाला ठेवली. आता जो बसेल त्याचा डावा गाल उजेडात येणार होता. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग बसली.

त्यांनी पाहायला सुरुवात केली. त्या बाजूचा डोळा जरा जास्त उघडा होता, कशाचं तरी नवल वाटल्यासारखा. ओठाचा कोपरा खाली ओघळला होता. पण कपाळावर त्या बाजूला एकही आठी नव्हती. संसाराच्या सगळ्या काळज्या उजवीकडे राहिल्या होत्या आणि डावीकडे लग्नातलं ते कोवळं कपाळ परत आलं होतं. रोज समोर असलेलं हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हात आपोआप चालू लागला, कुत्री-मांजरं काढणाऱ्या त्या पोराचा असावा तसा.

तिच्या उघड्या डोळ्यातून पाणी आलं. तिने ते पुसलं, पण हात तोंडाकडे नेला नाही.

"फार वाईट दिसतंय का?" तिने विचारलं.

"बोलू नकोस, ओठ काढतोय."

"बोललं तरी चालेल म्हणाला होतात."

"ते पंपाच्या वेळी."

ती हसली. हसू एकाच बाजूला वर गेलं, आणि त्यांनी ते तसंच धरलं. मग त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला आणि थांबले.

"या गालाला कोणता रंग लावावा, कळत नाही," ते म्हणाले. "नीट बघावं लागेल."

"मग बघा की," ती म्हणाली, आणि खुर्ची उजेडाकडे आणखी थोडी ओढून घेतली.