डाव्या हाताचा व्हॉल्व्ह

स्कूबा डायव्हिंगच्या दुकानातल्या लांब बाकावर तो पालथा पडला आणि समोरच्या आरशात स्वतःला पाहून त्याला हसूच फुटलं. साठी उलटलेला माणूस, छातीवर पट्टे आवळलेले, दोन्ही काखांखाली हवेची एकेक रिकामी टाकी. दुकानवाल्या बाईंनी शेवटचा हूक अडकवला.

"आता डोळे मिटा, काका, आणि डावा नॉब शोधा."

त्याने चाचपडलं.

"अहो, तो बाकाचा पाय आहे."

"मग नॉब गेला कुठे?"

"तुमच्या बरगडीखाली. तेच दाखवायचं होतं. दोन्ही टाक्यांना एकाच हाताचे व्हॉल्व्ह लावले, की एक नॉब असा आत दडतो. डावीला डाव्या हाताचाच हवा." असं म्हणून त्यांनी पान्हा उचलला.

आजवर त्याने पाठीवर एकच टाकी बांधली होती. तिचा व्हॉल्व्ह मानेमागे. खांदा आखडल्यापासून तिथवर काही त्याचा हात जात नसे, पण अडत कुठे होतं? पाण्यात शिरायच्या आधी लेक मागे यायची, नॉब फिरवून बघायची आणि त्याच्या डोक्यावर टपली मारायची. "उघडलाय, बाबा. चल."

आता तिचं मूल लहान होतं, नोकरी दूरची होती, रविवार तिला पुरत नव्हता. या दोन टाक्यांचं तिनेच शोधून काढलं होतं. "दोन्ही नॉब तुझ्या हाताशी, बाबा. कुणावाचून अडायला नको." सांगितलं तेही इतक्या मायेनं, की रागावायची सोय नव्हती.

व्हॉल्व्ह बदलून झाला. त्याने पुन्हा डोळे मिटले. या वेळी दोन्ही हात सरळ जागेवर गेले. बंद केलं, उघडलं, पुन्हा बंद केलं.

"वा, काका! शिकवायला काही ठेवलंच नाहीत."

जमलं होतं, आणि त्याचं मन खट्टू झालं. जमू नये असं आपल्याला वाटत होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

फोन वाजला. बाईंनीच तो त्याच्या कानाशी धरला.

"बाबा, पोचतो का रे हात?"

"नाही गं," तो म्हणाला. "डावा नाही पोचत."

त्याची डावी बोटं नॉबवरच होती. बाईंनी बोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता. आता म्हणेल, मग मीच येते रविवारी. पलीकडे मूल किरकिरत होतं.

"जाऊ दे मग, बाबा. खूप वर्षं केलंस. आता राहू दे ते पाण्यात जाणं."

तिला हायसं वाटलं होतं. लपवायचं तिला कधी जमलंच नाही.

"हो गं," तो म्हणाला. "राहू दे."

बाईंनी हूक सोडवले. तो उठून बसला आणि पट्ट्यांचे वळ चोळत राहिला.

"परत फोन करा, काका. खरं सांगून टाका."

"नको. सुटली बिचारी." त्याने टाक्यांकडे बोट केलं. "दोन्ही टाक्या द्या बांधून, व्हॉल्व्हसकट."

"म्हणजे एकटेच जाणार?"

तो पट्टे गुंडाळू लागला.

"एकटं जाऊ नये, हे तुम्हाला मी काय सांगणार? पण जाणाराही किनाऱ्यावर कुणाला तरी वेळ सांगून जातो. त्या वेळेला फोन आला नाही, तर तो माणूस शोधायला निघतो." त्यांचा हात अजून टाक्यांवरच होता. "तुमचं कोण आहे तसं?"

त्याने फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. मग फोन खिशात ठेवला.

"रविवारी तुमचं दुकान उघडं असतं का हो?" त्याने विचारलं.