रुमालातली कवळी

“आजी, तू येऊ नकोस. मी अडखळले की तू मध्ये बोलतेस.”

“नाही बोलणार. वचन देते.”

नात हसली. माझ्या वचनावर हसायची हिंमत घरात तिचीच. बोलताना तिची जीभ अडते, म्हणून लहानपणापासून तिची निम्मी वाक्यं मीच पुरी करत आलेय. आज प्राचीन ग्रीक शिकवायच्या नोकरीसाठी तिला सगळ्यांसमोर तास घेऊन दाखवायचा होता. आणि आमच्या या बाईनं निवडलं कोणतं क्रियापद? हुपिस्खनेओमाइ. म्हणजे वचन देणं. धडधाकट जिभेचा माणूसही त्यावर आपटेल.

म्हटलं, “अगं, सोपं घे की एखादं. खाणं, पिणं.”

“मला हेच आवडतं.”

विषय संपला. नात कुणाची!

कॉलेजात पहिल्या रांगेत बसले, कवळी काढली आणि रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली. चारचौघांत बोळकं तोंड मी मेले तरी उघडणार नाही.

ती फळ्यापाशी उभी राहिली. “हु... हुपि... हुपि...”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिची निवड करायला बसलेले मोठे सर खुर्चीतून पुढे झुकले. “राहू दे. तुझा कागद मी वाचतो.”

उभं आयुष्य इस्त्रीच्या दुकानात गेलं माझं, पण असा चटका कधी बसला नव्हता. ओठ घट्ट मिटून बसले.

“नको, सर,” नात म्हणाली. “मी... मीच म्हणणार.”

आणि म्हणाली. अख्खं! मग सांगतच सुटली. या शब्दाच्या पोटात ‘खाली’ आहे आणि ‘धरणं’ आहे. ओझ्याखाली खांदा द्यावा, तसं स्वतःला धरायचं. आपण वचन देतो नि मोकळे होतो. या क्रियापदाचं रूपच असं, की करणाऱ्याला त्यातून अंग काढून घेता येत नाही. अडखळत होती, पण थांबली नाही. मघाशी हसलेला आता मान खाली घालून लिहून घेत होता.

तास संपला तेव्हा टाळ्या वाजवायला आधी सरच उठले. “मग, कधीपासून येताय शिकवायला?” तिला म्हणाले. आणि मला, “आजी, किती शांत हो तुम्ही!”

मी नुसती मान डोलावली.

जिन्यात नातीनं माझी पर्स उघडून रुमाल पुढे केला. “घाल आता. बोल.”

दात बसवले. म्हटलं, “हु... हुपि...”

ती कठड्याला टेकून उभी राहिली. एक अक्षरही तिनं मध्ये घातलं नाही, माझं पुरं होईपर्यंत.