सोन्याची मोजकाठी

घानातल्या कुमासी शहरात, सुआमे भागात नाना ग्यामफ्रांची शेड सगळ्यात मोठी होती. चाळीस सुतार एका वेळी रंधा मारायचे. परदेशातून ट्रकची नुसती चासी, म्हणजे चाकांवरची लोखंडी चौकट, आणि इंजिन यायचं. त्यावर लाकडी बॉडी, बाकं आणि छप्पर आम्ही बांधायचो. मी तिथे रंगारी होतो. ड्रायव्हर देईल ते वाक्य बॉडीच्या कपाळावर रंगवायचो. तेव्हा मला वाचता येत नव्हतं, कागदावरचा आकार बघून तसाच उतरवायचो. पण जिभेला धार होती आणि गोडवाही होता. पुढे सगळं त्या जिभेनंच केलं.

त्या काळी ते नाना नव्हते, नुसते मास्तर होते. नवी बॉडी तयार झाली की पहिल्या फेरीला स्वतः जायचे. ड्रायव्हरशेजारी नाही, मागे, टोमॅटोच्या टोपल्या मांडीवर घेतलेल्या बाजारवाल्या बायांमध्ये, बाजूच्या फळीला कान लावून बसायचे.

बाया हसायच्या. "मास्तर, फळीशी लग्न लावलंत की काय? काय कुजबुजते कानात?"

"कुठे दुखतं ते सांगते," मास्तर म्हणायचे. "तुमच्यासारखी सासूच्या तक्रारी नाही सांगत."

परत आले की कुरकुरणारा सांधा खोलून नव्यानं बसवायचे. त्यांच्या बापाची एक मोजकाठी होती, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खुणा. सगळ्या बॉड्या त्या खुणांवर कापल्या जायच्या. मास्तरांनी माझ्या देखत तीनदा जुन्या खुणा तासून नव्या पाडल्या. दुपारी सगळे एकाच भांड्यातलं फुफू, कुटलेल्या कंदाचा मऊ गोळा, खायचे. त्या वेळी ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो बोलायचा. मुख्य सुतार अद्दाई तर मास्तरांच्या तोंडावर सांगायचा, "तुमचं हे छप्पर म्हणजे म्हातारीची टोपी आहे, वाऱ्याला उडेल." मास्तर त्याला शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी छप्पर बदलायचे.

मग त्यांनी आपल्या गावच्या शाळेला छप्पर घालून दिलं, आणि गावानं त्यांना मानाच्या गादीवर बसवलं. तेव्हापासून ते नाना झाले, गादीवरच्या माणसाला आमच्यात तसंच म्हणतात. आमच्यात गादीवरचा माणूस चारचौघांत जेवत नाही. त्याचा उघडा पाय जमिनीला लागत नाही. आणि त्याच्याशी थेट कुणी बोलत नाही. शेजारी काठी घेऊन ओचामे उभा असतो. लोक त्याला सांगतात, तो पुढे सांगतो. ओचामे म्हणजे नुसता निरोप्या नव्हे. कडू शब्द गोड करून पोचवणं हेच त्याचं कसब.

हे गावात ठीक होतं. नानांनी ते शेडमध्ये आणलं.

मोजकाठीच्या टोकाला त्यांनी लाकडात कोरलेला एक हात बसवून घेतला, मुठीत अंडं धरलेला; सत्ता तशी जपून धरायची असते, असा त्याचा अर्थ. सगळ्या काठीवर सोन्याचा मुलामा चढवला आणि ती माझ्या हातात दिली. मी त्यांचा ओचामे झालो. खुणा मुलाम्याखाली गेल्या. जुन्या काठीवरून एक साधी पट्टी उतरवून घेतली होती, ती सुतारांकडे राहिली.

अद्दाई पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "बोआतेन, विचार त्यांना, उद्या माप बदलायचं झालं तर खुणा कशावर पाडायच्या? सोन्यावर?"

नाना दोन हातांवर खुर्चीत बसले होते. त्यांनी ऐकलं होतंच, पण रीतीप्रमाणे माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "नाना, अद्दाई म्हणतो, तुमची मापं इतकी नेमकी आहेत की ती आता सोन्यात मढवायच्याच लायकीची."

नाना खूश झाले. सुतारही हसले. अद्दाई हसला नाही. मला मात्र ते कसब आवडायला लागलं.

दुपारी नाना पडद्याआड एकटे जेवायला लागले. पहिल्या फेऱ्या बंद झाल्या. बायांच्या बाकावर गादीवरचा माणूस कसा बसणार? कुणी काही बोलत नव्हतं असं नाही. रोज बोलत होते. फक्त ते सगळं माझ्या तोंडातून जात होतं.

चार वर्षं अशी गेली. मग नव्या चासी यायला लागल्या. हलक्या, वेगवान. रस्तेही डांबरी झाले. गटारापलीकडे सार्पोंग नावाच्या पोरगेल्या वेल्डरनं लोखंडी सांगाड्याची बॉडी बांधायला घेतली. आमचे सुतार तिला पिंजरा म्हणायचे. अद्दाई मात्र जेवण झालं की गटारावरची फळी ओलांडून तिकडे जाऊन बघत बसायचा.

एका सकाळी एन्तिम आला. आमचा जुना ड्रायव्हर, आधीचे तीन ट्रकही आमच्याकडूनच बांधून घेतलेला. नव्या चासीवरच्या चौथ्या ट्रकच्या कपाळावर मी त्याच्यासाठी 'घाई कुणाला?' असं रंगवलं होतं. घाम पुसत तो माझ्यासमोर उभा राहिला.

"बोआतेन, ऐक. सहा महिने नाही झाले आणि बॉडी चासीवर डोलते. ही गाडी धावते, तुमचं लाकूड अजून चालतंच आहे. घाटात वळलो की बोल्टांची भोकं मोठी होतात. हे बघ, माझं बोट जातं आत. मागे बाया बसतात रे. नानांना सांग, खाली येऊन एकदा बघा. लोखंड घाला, काय करायचं ते करा. नाहीतर माणसं मरतील."

मागून अद्दाई म्हणाला, "शब्दाला शब्द सांग, बोआतेन. आज साखर नको."

मी वळलो. नानांनी त्या दिवशी नवं कापड पांघरलं होतं. गावाकडची दोन म्हातारी माणसं भेटीला आली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "नाना, एन्तिम म्हणतो, तुमची बॉडी इतकी दणकट आहे की ही नवी गाडीच तिला पेलत नाही."

म्हातारे हसले. नाना हसले. म्हणाले, "त्याला सांग, चांगली गाडी घे. आणि त्याला ताडी द्या."

एन्तिमनं ताडी घेतली नाही. मला म्हणाला, "तुझी आई बाजारात बसते ना? तीही कधीतरी ट्रकनंच जात असेल."

अद्दाईनं त्या दिवशी आपल्या हातानं बोल्ट आवळून दिले. त्यापलीकडे नानांच्या हुकुमाशिवाय त्याला लाकडाला हात लावता येत नव्हता.

तीन आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, माम्पोंगच्या उतारावर बॉडी चासीवरून सुटली. एन्तिमला काही वेळ कळलंच नाही. गाडी एकदम हलकी झाली म्हणून त्यानं मागे बघितलं, तर मागे काहीच नव्हतं. बॉडी दरीत, झाडांना अडकलेली. नऊ बाया गेल्या. टोमॅटो इतके सांडले होते की रक्त कुठलं ते कळेना, असं उचलायला गेलेले लोक सांगत होते.

माझी आई त्यात नव्हती. तिच्या शेजारी बसणारी होती.

अद्दाई दुसऱ्या दिवशी आला, आपला रंधा आणि वाकस पिशवीत घातला आणि गटार ओलांडून सार्पोंगकडे गेला. मला एवढंच म्हणाला, "हा निरोप कसा गोड करतोस बघू." मी नानांना सांगितलं की अद्दाईला विश्रांती हवी आहे.

मग ट्रक यायचे थांबले. एक सुतार गेला, मग पाच, मग रांगच लागली. नाना विचारायचे, "लोक का येत नाहीत?" मी म्हणायचो, "दुखवटा आहे, नाना." नऊ अंत्यसंस्कार होते, म्हणून ते काही दिवस खरंही वाटलं.

शेवटी एन्तिम आला. त्याच्या काखेत एक तुटलेली फळी होती, मी रंगवलेली. तिच्यावर 'घाई' एवढंच उरलं होतं. त्यानं ती नानांच्या खुर्चीसमोर ठेवली आणि उभा राहिला.

"तो काय म्हणतो?" नानांनी विचारलं.

"काही म्हणत नाही, नाना."

खरंच म्हणत नव्हता. गोड करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. एन्तिम निघून गेला. नानांनी फळीचं तुटलेलं टोक उचललं, बोल्टाचं भोक बघितलं. त्यात त्यांची दोन बोटं गेली.

"त्या दिवशी तो काय म्हणाला होता?" त्यांनी विचारलं. "त्याच्या शब्दांत सांग."

मी सांगितलं. मग अद्दाईचं काठीबद्दलचं सांगितलं. मग चार वर्षांचं, आठवेल तसं, दुपार होईपर्यंत. माझं संपल्यावर म्हणाले, "तू खोटं बोललास. पण हे काम तुला मी दिलं."

ते उठले. मी छत्री घ्यायला धावलो, त्यांनी हातानं नको म्हटलं. गटारावरच्या फळीपाशी त्यांनी चपला काढल्या. गादीवरचा माणूस अनवाणी उभा म्हणजे काय, हे तिथल्या पोराटोरांनाही कळत होतं. वेल्डिंगच्या ठिणग्या थांबल्या. फळी ओलांडून, जमिनीवर सांडलेल्या काळ्या तेलात पाय बुडवत ते पलीकडे गेले. मी काठी घेऊन मागे.

अद्दाई लोखंडी सांगाड्यावर फळी बसवत होता.

"अद्दाई," नाना थेट म्हणाले, "मला लोखंड शिकव. शेडमध्ये परत ये. तू सांगशील तसं करू. मी बाकावर बसेन, पहिल्यासारखा."

अद्दाईनं त्यांच्या पायांकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, ते मी बघितलं. पण तो बोलला माझ्याशी.

"बोआतेन, नानांना सांग. चार वर्षं मी दोन हातांवरून ओरडत होतो. त्या नऊपैकी एकीनं मला लहानपणी पाठीला बांधून वाढवलं. माझे हात आता त्या शेडसाठी चालणार नाहीत. सांग त्यांना, उशीर झाला."

नाना माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. सगळं ऐकलं होतं. तरी त्यांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं, सवयीनं. काहीतरी मऊ येईल म्हणून वाट बघत राहिले.

मी काठी जमिनीवर ठेवली.

"उशीर झाला, नाना," मी म्हणालो.